काळ्या ओट्याला कुठल्या ट्रॉल्या?
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : ताई, घोडबंदर रोडला नवीन फ्लॅटचा ताबा मिळालाय. बिल्डरने काळ्या ग्रॅनाइटचा ओटा दिलाय, खाली कडप्प्याचे उभे सपोर्ट आहेत. मॉड्युलरवाला म्हणतो की ओटा फोडा आणि पांढरा क्वार्ट्झ टाका, नाहीतर आम्हाला हवे ते ऑफ-व्हाइट शटर त्याला मॅच होणार नाहीत. खरंच फोडावा लागेल का?

उत्तर : अजिबात फोडू नका. काळ्या दगडाशी न जुळणारे रंग फार थोडे आहेत, आणि ऑफ-व्हाइट तर त्यात मुळीच येत नाही. तरी एक गोष्ट बघून घ्या. ओटा स्वच्छ पुसा आणि दिवसाच्या उजेडात अगदी जवळून बघा, काळ्यात ठिपके कसले आहेत ते. सोनेरी-तांबूस चमक असेल (ब्लॅक गॅलेक्सीत असते तशी, तो दगड आंध्रातल्या चिमकुर्तीचा) तर क्रीम, बदामी, फिकट सागवानी असे उबदार रंग घ्या, निळसर झाक असलेला पांढराशुभ्र घेतलात तर त्याच्याशेजारी ओटाच मळकट दिसायला लागतो आणि मग आपण उगाच दगडाला नावं ठेवतो. ठिपके करडे किंवा चंदेरी असतील तर करडा, पांढरा, फिकट हिरवा, काहीही चालेल. तुमचा ऑफ-व्हाइट पिवळ्याकडे झुकणारा आहे की करड्याकडे, तेवढंच ठरवायचंय.

आता फोडायचं म्हटलं तर काय काय होतं ते पण ऐका. दगड भिंतीत घुसवलेला असतो, त्यामुळे टाइल्सची खालची ओळ जाते, सिंक आणि पाइप उघडावे लागतात, सोसायटीची परवानगी, डेब्रिज, आणि त्यात खालच्यांच्या छताला ओल आली की पुढची सगळी भांडणं. एवढं सगळं कशासाठी, तर रंगासाठी.

मला तुमच्या ओट्यात काळजी वेगळीच वाटते. कडप्प्याच्या पुढच्या कडेवर शटर बसवलं की ते साधारण १८ एमएम पुढे येतं आणि दगड शटरच्या लेव्हलला येतो, किंवा शटरच बाहेर डोकावतं. मग ओटा पुसताना पाणी थेट शटरवर ओघळतं आणि एका पावसाळ्यात खालची कड फुगते, आपल्याकडच्या हवेत तर जास्तच. दगड शटरच्या पुढे निदान पाऊण ते एक इंच हवा आणि त्याच्या खालच्या बाजूला पाणी तुटायला बारीक खाच हवी. जागा नसेल तर ओट्याला पुढून त्याच ग्रॅनाइटची पट्टी चिकटवून घ्या, नाहीतर शटर कडप्प्यांच्या मधे, आत बसवून घ्या. कडप्पे सहसा ओळंब्यात नसतात म्हणून ट्रॉलीचं माप पुढे, मागे, वर, खाली असं चारही ठिकाणी घ्यायला लावा, आणि सगळ्यात कमी भरेल ते धरा. सिंकखालचा भाग मात्र बीडब्ल्यूपी म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या प्लायमधेच (त्यावर आयएस ७१० हा शिक्का बघून), तिथे पैसे वाचवू नका.

प्रश्न : कामोठ्याला आमच्या घराचं रिनोव्हेशन चाललंय. सासूबाईंना काळा ओटाच हवाय, मला पांढरा ओटा आणि खाली डार्क ग्रे मॅट शटर. रोज यावरून चर्चा! तुम्ही कुणाच्या बाजूने?

उत्तर : कुणाच्याच नाही, पण सासूबाईंचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. पांढरा म्हणजे नक्की काय घेणार आहात, यावर सगळं आहे. पांढरा मार्बल असेल तर माझं सरळ नाही. मार्बल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, लिंबू, कोकम, व्हिनेगर सांडलं की पॉलिश खाऊन टाकतं, तो डाग नसतो, दगडच झिजलेला असतो, त्यामुळे कितीही घासा, जात नाही. क्वार्ट्झला लिंबाचं काही होत नाही, पण त्यात दगडाचा चुरा रेझिनमधे बांधलेला असतो आणि रेझिनला उष्णता सोसत नाही. गरम कुकर, तवा, कढई थेट टेकवायची सवय असेल (आणि आपल्या घरात कुणाला नसते!) तर पिवळट चट्टा पडतो. हळदीचा डाग पण लगेच पुसला तर बरं, रात्रभर राहिला तर झटापट आहे. नॅनो व्हाइट (कारखान्यात बनवलेला शुभ्र कृत्रिम दगड) दिसतं सुरेख, पण कडेचा टवका उडाला की दुरुस्ती दिसतेच.

मग मधला रस्ता म्हणजे फिकट ग्रॅनाइट, पांढऱ्यावर करडे-काळे ठिपके असलेला. लिंबाला घाबरत नाही, गरम भांडं सोसतो, चुरा-पीठ पडलं तरी चटकन दिसत नाही. पण फिकट ग्रॅनाइट तेल पितो, म्हणून दुकानातून एक तुकडा घरी आणा, त्यावर पाण्याचे थेंब टाकून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, खालचा दगड गडद झाला तर सीलर मारल्याशिवाय वापरू नका आणि गॅसच्या बाजूला नंतरही अधूनमधून मारत जा. डार्क ग्रे शटर याला झकास दिसेल, कारण दगडातलाच करडा रंग खाली उतरतो. फक्त गडद मॅटवर तेलकट बोटं आणि पिठाचे हात लगेच उमटतात, तेव्हा गडद रंग खाली ठेवा, वरची कपाटं फिकट करा आणि लांब हँडल लावा, म्हणजे शटरला हात कमी लागतो.

एक सांगायचं राहिलं. क्वार्ट्झ घेतलाच तर सिंकचा, शेगडीचा कट कारखान्यात पाणी मारून करून आणायला सांगा, घरात कोरडं कटिंग करू देऊ नका. त्यात सिलिका ९० टक्क्यांच्या आसपास असते आणि ती धूळ कारागिराच्या फुफ्फुसात बसते, ऑस्ट्रेलियाने तर याच कारणाने जुलै २०२४ पासून अशा दगडावर बंदीच घातली. ग्रॅनाइटच्या धुळीतही सिलिका असते, कमी असली तरी.

प्रश्न : ओट्याचाच दगड वर भिंतीवर पण लावला तर छान दिसेल का? (ऐरोली)

उत्तर : काळा असेल तर नको, छोट्या किचनमधे विहिरीत उभं राहून स्वयंपाक केल्यासारखं वाटतं. चार इंचाची पट्टी पुरे, वर साध्या फिकट टाइल्स.

प्रश्न : वाशीला राहतो. सागवानी रंगाचं लॅमिनेट फायनल करून शटर बनून पण आले, आणि आता कुठलाच ग्रॅनाइट आवडत नाहीये. टॅन ब्राउन घेऊ का?

उत्तर : दादा, क्रम उलटा झाला. लॅमिनेटमधे शेकडो शेड मिळतात, दगड मात्र त्या दिवशी यार्डात जो उभा असेल तोच, म्हणून आधी दगड ठरवायचा. असो, आता झालंय. टॅन ब्राउन नको, त्यातला लालसर तपकिरी आणि सागवानातला पिवळसर तपकिरी एकमेकांना खातात. एकतर सरळ काळा घ्या, नाहीतर क्रीमकडे झुकणारा फिकट.

यार्डात जाताना फोनवरचा फोटो नको, शटरचा खरा तुकडा न्या. तो स्लॅबवर आडवा ठेवून बघू नका, स्लॅबच्या कडेला खाली उभा धरून बघा, घरी तसाच दिसणार आहे. यार्डातल्या उन्हात एक दिसतं आणि किचनच्या ट्यूबखाली दुसरं, म्हणून सँपल मागून घरी आणा, रात्री पण बघा. काळा घेतलात तर पांढऱ्या फडक्यावर थोडं अ‍ॅसिटोन घेऊन पुसून बघा, फडकं काळं झालं तर दगडाला रंग मारलाय. एल आकाराचा ओटा असेल तर दोन्ही तुकडे एकाच लॉटचे हवेत, म्हणून स्लॅब पसंत पडला की मागच्या बाजूला मार्करने सही करा, मार्बलवाल्यासमोरच फोटो काढा, आणि माल घरी उतरताना सही शोधा.