गिटार कुठे गेली?

सप्रेम आशीर्वाद.

इंग्लिश रॉक बँड रेडिओहेडने 'किड ए' या अल्बमपासून गिटार सोडली म्हणून रागावून लिहिलेला तुझा लेख दोनदा वाचला. 'रेडिओहेडने आपल्याला फसवलं' हे पहिलंच वाक्य वाचून हसू आलं, कारण 2000 साली हॉस्टेलच्या खाटेवर बसून मी हेच म्हटलं होतं. वर दोन शिव्याही घातल्या होत्या.

तो किस्सा सांगतो. ऑक्टोबरमध्ये 'किड ए' आला होता आणि महिन्याभराने कुणाच्या तरी मावसभावाने बाहेरून सीडी आणली. त्यांच्या आधीच्या 'ओके कॉम्प्युटर' या अल्बमची कॅसेट आम्ही तीन वर्षं इतकी वाजवली होती की एका बाजूचा आवाज पार पातळ झाला होता. आता पाच जण एका डेकभोवती बसलो, बँडमधल्या जॉनी ग्रीनवुडची गिटार कधी सुरू होतेय त्याची वाट बघत. पहिलं गाणं सुरू झालं ते कीबोर्डवर, आणि गायक थॉम यॉर्कच्या आवाजाचे तुकडे इकडून तिकडे फिरत होते. दुसऱ्या गाण्यात तर शब्दच कळेनात. आमच्यातला एक म्हणाला, "सीडी खराब आहे रे." त्याने ती बाहेर काढली, बनियनने नीट पुसली आणि परत लावली. तेच. बिघाड नव्हताच, यॉर्कने स्वतःचा आवाज मुद्दाम यंत्रातून गाळून काढला होता. एक जण चहाला गेला, तो परत आलाच नाही.

तर तुझा राग मला ओळखीचा आहे. पण लेखात तू लिहिलं आहेस की फॅशन म्हणून त्यांनी गिटार सोडली. इथे थांब. ही पाच माणसं ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या शाळेतली, 1985 पासून एकत्र वाजवणारी. त्यातले तिघे गिटार वाजवतात. 'क्रीप' या त्यांच्या गाजलेल्या गाण्यातले ध्रुवपदाआधीचे ते दोन-तीन खर्रकन घासलेले आघात आठव. जगाला त्यांच्याकडून तेच हवं होतं. 1997-98 च्या दौऱ्यानंतर यॉर्कला गाणं लिहिणंच जमेना. तो एफेक्स ट्विन, ऑटेकर असलं इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकत बसला. मग पॅरिस, कोपनहेगन, पुन्हा इंग्लंड अशी महिनोन्‌महिने रेकॉर्डिंगं चालली आणि गिटारवाल्या एड ओब्रायनसमोर प्रश्न उभा राहिला की या सगळ्यात मी करायचं काय. तुझी तक्रार आधी बँडच्या खोलीतच होऊन गेली होती, बाबा. हे लेखात यायला हवं.

आता खरी गंमत ऐक. गिटार गेली कुठे? 'किड ए'च्या चौथ्या गाण्यात ती आहे, साधी लाकडी, पहिल्यापासून शेवटपर्यंत. सहाव्यात इलेक्ट्रिक गिटारी दणकून वाजतात. आम्ही तोवर इतके चिडलो होतो की कानावर पडूनही ऐकली नाही. आणि मधलं पाचवं, 'ट्रीफिंगर्स', ज्यात एकही शब्द नाही, नुसतं धुकं पसरल्यासारखं वाटतं, ते ओब्रायनच्याच गिटारच्या तुकड्यांमधून, संगणकावर ताणून-वितळवून केलेलं आहे. म्हणजे ज्या ठिकाणी गिटार अजिबात नाही असं मी छातीठोकपणे सांगत होतो, तिथे गिटारशिवाय जवळपास काही नव्हतंच. वीसेक वर्षं नाटकांना साउंड देतोय मी, तरी हे कळल्यावर जरा खजील झालो.

म्हणून सांगतो, 'सूर हरवला', 'आत्मा गेला' ही वाक्यं खोडून टाक. ती कुठल्याही बँडबद्दल लिहिता येतात. त्याऐवजी काय ऐकू आलं ते लिही. त्याच अल्बममधल्या 'इडिओटेक'मध्ये ड्रम मशीन आहे हे कुणीही सांगेल. पण त्या मशीनखाली जे चार कॉर्ड फिरत राहतात, ते पॉल लान्स्की या अमेरिकन संगीतकाराच्या 1973 च्या संगणकावर केलेल्या रचनेतून उचललेले आहेत. थंड यंत्र म्हणून आपण ज्याला नाकं मुरडली, त्याच्या पोटात त्या वेळी सत्तावीस वर्षं जुने सूर होते. मग 2007 चा 'इन रेनबोज' लाव. पहिलंच गाणं पाच मात्रांचं, सुरुवात यंत्राच्या ठोक्यांची, आणि थोड्या वेळाने स्वच्छ, हलकी गिटार आत येते. 'किड ए'च्या वाटेने गेले नसते तर ती गिटार अशी आली असती असं मला वाटत नाही. (हा अल्बम त्यांनी 'परवडेल ती किंमत द्या' म्हणून इंटरनेटवर ठेवला होता. मी किती दिले ते विचारू नकोस.)

याचा अर्थ सगळ्याला माना डोलवायच्या असा नाही. 'द किंग ऑफ लिम्ब्स' मला आजही आवडत नाही. 2011 चा. आठ गाणी, तालाचे तुकडे एकावर एक रचलेले, आणि मी दर वेळी अर्ध्यात उठतो. हे मी कुणालाही सांगेन. पण 'मला पोचत नाही' असं सांगेन. फसवायला त्यांनी मला वचन कधी दिलं होतं?

आणि हो, ज्या ग्रीनवुडच्या गिटारसाठी आम्ही डेकला कान लावून बसलो होतो, तो 2015 मध्ये जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात शाय बेन त्सूर हा इस्रायली संगीतकार आणि राजस्थानी वादकांबरोबर 'जुनून' हा अल्बम रेकॉर्ड करत होता. कव्वाल, ढोलक, ब्रासवाले सगळे पुढे, हा मागे. ते ऐकताना मला त्याची गिटार शोधावीशी वाटलीच नाही.

लेख पुन्हा लिहिण्याआधी एक काम कर. 'ट्रू लव्ह वेट्स' यॉर्क 1995 पासून मैफलीत गिटारवर गायचा. ते ध्वनिमुद्रण 2001 मध्ये निघालं. स्टुडिओत मात्र ते गाणं कितीदा तरी अडलं आणि 2016 च्या अल्बममध्ये अगदी शेवटी आलं. पियानोवर, संथ, गिटार काढून टाकून. दोन्ही लागोपाठ ऐक. पहिल्यात माणूस विनवतोय. दुसऱ्यात काय करतोय, ते मला तुझ्या शब्दांत हवंय, चार ओळींत.

रविवारी चारनंतर ये. मोठे स्पीकर लावून ठेवतो. आजवर मोबाइलवरच ऐकलं असेल तर आधी तसं कबूल कर. बनियनने सीडी पुसणारा तोही येणार आहे. हल्ली तो सगळ्यांना सांगतो की 'किड ए' त्याला पहिल्याच दिवशी आवडला होता.

तुझा,
काका