'डॅड्स आर्मी' या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश होमगार्ड पलटणीवरच्या विनोदी मालिकेतले म्हातारे कॉर्पोरल जोन्स खरंच सत्तरीचे होते का?

नाही, ही भूमिका करणारे क्लाइव्ह डन तेव्हा जेमतेम 48 वर्षांचे होते. हिशोब सोपा आहे: त्यांचा जन्म जानेवारी 1920 चा आणि बीबीसीची ही मालिका सुरू झाली 1968 मध्ये. म्हणजे त्यांच्यावर हुकूम सोडणारे कॅप्टन मेनवॉरिंग, अर्थात आर्थर लो, प्रत्यक्षात त्यांच्याहून चारेक वर्षांनी मोठे! म्हातारा रंगवणं हा डन यांचा हातखंडाच होता. 'बूट्सी अँड स्नज' या मालिकेमध्ये चाळिशीतच ते थरथरता म्हातारा झाले होते आणि 1971 च्या जानेवारीत त्यांचं आजोबांवरचं गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलं, तेव्हा ते 51 चे होते. सैनिकी अनुभव मात्र खोटा नव्हता. दुसऱ्या महायुद्धात ग्रीसमध्ये पकडले जाऊन त्यांनी सुमारे चार वर्षं युद्धकैदी म्हणून काढली. फक्त यावरून अख्खी पलटण मेकअपने म्हातारी केली होती असं समजू नका. गॉडफ्री झालेले अरनॉल्ड रिडली (जन्म 1896) आणि फ्रेझर झालेले जॉन लॉरी (1897) खरोखरच सत्तरीच्या घरातले होते. रिडली तर पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत जबर जखमी झाले होते.