‘तुझी आकडी व तुझी काठी’: ही आकडी कोणती?

नागपूरच्या एका वाचकाचा प्रश्न असा: ‘सदरमधल्या एका चर्चमध्ये मित्राच्या आईच्या अंत्यविधीला गेलो होतो. पाळकांनी बायबलमधले २३वे स्तोत्र वाचले. त्यात “तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात” असे आहे. आकडी म्हणजे तर फेफरे! त्याने धीर कसा येईल?’

प्रश्न रास्त आहे. ‘आकडी आली’ याखेरीज तो शब्द आता कानावर पडतच नाही. पण शेवग्याच्या शेंगा काढायला बांबूच्या टोकाला आकडा बांधतात ना, तीही आकडीच, आणि स्तोत्रातली ती आहे. त्या स्तोत्रात देव मेंढपाळ आहे, आणि शेळ्यामेंढ्या राखणाऱ्यांच्या खांद्यावर ती असते. बाभळीची फांदी खाली ओढली की कळप पाल्यावर तुटून पडतो. एखादं करडू नालीत घसरलं तर त्याच आकडीने त्याला अलगद वर घेता येतं.

मूळ हिब्रूत दोन शब्द आहेत. दुसरा ‘मिश्एनेत’, ‘टेकणे’ या अर्थाच्या धातूपासून झालेला. म्हणजे आधाराची काठी. आपण ‘म्हातारपणाची काठी’ म्हणतो तशी. पहिला ‘शेवेत’, म्हणजे दांडा, सोटा. नागपुरात हिंदी प्रार्थनाही कानी पडतात, तिथे ‘तेरे सोंटे और तेरी लाठी से मुझे शान्ति मिलती है’ असे ऐकले असेल. मराठीत सोट्याच्या जागी आकडी आली. शब्दशः पाहिलं तर हिंदी जवळचं, पण मला मराठी अधिक आवडते. सोटा लांडग्यावर उगारायचा. आकडीचं एक टोक मेंढराला लागतं आणि दुसरं मेंढपाळाच्या मुठीत असतं.

‘धीर देतात’ हेही नीट पाहा. शांती दुःख सरल्यावरही मिळते. धीर मात्र ते चालू असतानाच लागतो, आणि तो द्यायला कुणीतरी जवळ असावं लागतं. स्तोत्रात दरी टळत नाही: ‘मृत्युच्छायेच्या दरीतूनही मी जात असलो तरी’.

आणि याच ओळीत सर्वनाम बदलतं. आधी हिरवी कुरणं, संथ पाणी, तिथे देव ‘तो’ आहे: तो मला बसवतो, तो मला नेतो. दरी आली आणि एकदम ‘तू माझ्याबरोबर आहेस’. हा बदल मूळ हिब्रूतलाच. मराठीत तो आणखी जिव्हाळ्याचा होतो, कारण आईला आणि देवाला आपण ‘तू’च म्हणतो. सुखात ज्याच्याविषयी बोलत होतो, अंधारात त्याच्याशीच बोलू लागलो. ख्रिस्ती माणसाचा दुःखातला विश्वास मला तरी या एका अक्षरात सापडतो.

मित्राकडे पुन्हा जाल तेव्हा विचारा, त्याच्या आईला हे पाठ होतं का. माझ्या आईला होतं. शेवटच्या आजारात ती रोज म्हणायची आणि ‘तू’पाशी जरा थांबायची.