कुंडीतलं लिंबू पिवळं पडलंय? आधी मुळ्या बघा

प्रश्न (कोथरूड): गच्चीवर १० इंची कुंडीत तीन वर्षांपासून कागदी लिंबू आहे. पानं पिवळी पडतात, फुलं गळतात, पाणी घातलं की लगेच तळातून वाहून जातं. दोनदा युरिया दिला, फरक नाही. आता मे महिन्यातच मोठ्या ड्रममध्ये हलवू का? अडेनियमचीही (जाड बुंध्याचं, पाणी साठवणारं फुलझाड) कुंडी बदलायची आहे.

उत्तर: ताई, युरिया आधी बंद करा. पाणी असं सरळ वाहून जातंय म्हणजे कुंडीत माती थोडी आणि मुळ्याच जास्त झाल्यात. त्यात खत घातलं तर मुळ्या आणखी पोळतात.

मेच्या उन्हात लिंबाला हात लावू नका. जूनमध्ये पाऊस स्थिरावला, हवा गार झाली की कुंडी बदला. तोवर दुपारच्या उन्हाला आडोसा करा.

आदल्या संध्याकाळी पाणी द्या. दुसऱ्या दिवशी कुंडी आडवी करून कडेने थोपटा, खोड धरून ओढू नका. गोळा बाहेर आला की काथ्याच्या पायपुसण्यासारखा दिसेल, मुळ्या गोल गोल फिरलेल्या. घाबरू नका. धारदार चाकूने बाजूंनी आणि तळाशी बोटभर जाडीचा थर काढा, तीन-चार ठिकाणी उभे छेद द्या. बाहेरच्या मुळ्या मोकळ्या केल्या नाहीत, तर नव्या कुंडीतही त्या तशाच गोल फिरत राहतात.

आता ड्रमचं. नकोच. मुळ्या पोचत नाहीत तिथली माती पावसाळ्यात ओलीच राहते आणि मुळ्या कुजतात. १२, फार तर १४ इंची कुंडी घ्या. तळाच्या भोकावर एक खापरी पुरे. खडीचा जाड थर देण्याची पद्धत आहे, पण त्याने निचरा वाढत नाही, मातीची जागा तेवढी जाते.

कुंडीत भरायला दोन भाग पोयटा (गाळाची भुसभुशीत माती), एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि मूठभर निंबोळी पेंड. आपल्याकडची काळी माती नुसती भरू नका, भिजली की चिकट, वाळली की भेगा. रोप पूर्वीइतक्याच खोलीवर लावा; कलमी असेल तर कलमाचा सांधा मातीच्या वर हवा. काठाशी दीड इंच जागा सोडा. आठ-दहा दिवस सावलीत, महिनाभर खत नाही.

अडेनियमचं मात्र उलटं. त्याची कुंडी पावसाआधी, आताच बदला. कापलेल्या मुळ्या सुकू द्या, लावल्यावर पाच-सहा दिवस पाणी देऊ नका आणि पावसाळाभर त्याला छपराखाली ठेवा.