घोडीला लागू पडलेली सांधेदुखीची पावडर आईच्या गुडघ्यांना चालेल का? दोघींचा आजार एकच ना?

तुम्ही लिहिलंय की घोडी पुढच्या पायाने लंगडत होती, डॉक्टरांनी फेनिलब्युटाझोनची पावडर दिली आणि दोन दिवसांत ती नीट चालायला लागली. आईच्या गुडघ्यांच्या एक्स-रेत 'गॅप कमी झालीय' असं आलंय. पावडरचं खाली सांगते. त्याआधी तुमच्या प्रश्नातल्या एका वाक्यावर मला बोलायचंय : 'निदान तर एक्स-रेत झालंच आहे.'

नाही झालेलं. घोडीचंही नाही आणि आईचंही नाही.

मी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले आणि तेव्हापासून घोडेच बघतेय, शर्यतीचेही आणि माथेरानला पर्यटक वाहणारेही. लंगडा घोडा समोर आला की पहिल्यांदा त्याला कडक, सपाट जमिनीवर सरळ चालवायचं, मग दुडकं पळवायचं. सईसाला, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्याला, दोर सैल धरायला सांगायचं, कारण आवळून धरला तर मान हलत नाही, आणि आम्हाला मानच बघायची असते. पुढचा दुखरा पाय टेकताना घोडा डोकं वर उचलतो, चांगला पाय टेकताना खाली घेतो. मग खुरापासून वर हात फिरवत यायचं : कुठे गरम लागतंय, कोणत्या सांध्यात पाणी भरलंय, कुठे दाबलं की पाय ओढून घेतो. मग एकेक सांधा मिनिटभर वाकवून धरायचा आणि सोडल्याबरोबर पळवायचं. एवढं करूनही जागा सापडली नाही तर इंजेक्शन देऊन नसा बधिर करायच्या, खुराच्या मागच्या बाजूपासून सुरुवात करून एकेक टप्पा वर चढत. ज्या टप्प्याला लंगडणं थांबलं, त्या टप्प्यात बधिर झालेल्या भागात दुखणं. एक्स-रे त्यानंतर, आणि त्याच जागेचा.

माथेरानच्या एका घोडीच्या खांद्याला मालकाने तेल चोळून चोळून तिथली कातडी चकचकीत केली होती. खांदा धरलाय असं त्याला पाच जणांनी सांगितलं होतं. टाचेकडच्या नसा बधिर केल्या आणि दहा मिनिटांनी घोडी मान न हलवता पळाली. दुखणं खुरात होतं. नालबंदाकडून खूर नीट कापून घेतला, नाल बदलली, विश्रांती दिली. खांद्याला पुन्हा कुणी हात लावला नाही.

आता आईचं. तुमच्या नाही, माझ्या.

माझ्या आईचा उजवा गुडघा दुखायला लागला तेव्हा दादाने तिला शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. दोन्ही गुडघ्यांचे एक्स-रे निघाले. दोन्हींत झीज होती. तिच्या वयाच्या बाईच्या गुडघ्यांत नसती तरच नवल. डॉक्टरांनी फोटो दिव्यावर लावला, गॅप दाखवली आणि दोन्ही वाट्या बदलायचा सल्ला दिला. आई खुर्चीत बसून आत गेली होती, खुर्चीतच बाहेर आली. तिला कुणी चालायला सांगितलं नाही. गुडघ्याला कुणी हात लावला नाही. तारीख मात्र मिळाली.

मी घरी गेले तेव्हा ती स्वयंपाकघरातून चहा घेऊन येत होती. उजवा पाय टेकला की तिचं सगळं अंग उजवीकडे झुकायचं, कप बशीत वाजत होता. गुडघा दुखणारं माणूस सहसा एवढं झुकत नाही. ते पाय कडक ठेवतं, गुडघा वाकवायचं टाळतं. आईचा गुडघा तर छान वाकत होता. मी विचारलं, 'नेमकं कुठे दुखतं गं?' तिने जांघेवर तळहात ठेवला आणि मांडीवरून सरकवत गुडघ्यापर्यंत आणला. 'इथून निघतं आणि गुडघ्यात येऊन बसतं.' पायाची नखं वहिनी कापून देत होती, कारण आईचा हात पावलापर्यंत पोचत नव्हता. देवासमोर मांडी घालून बसणं बंद झालं होतं. हे सगळं घरातल्या सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांनी ते गुडघ्याच्या खात्यावर टाकलं होतं.

तिला कॉटवर उताणं झोपवलं. गुडघा चहूबाजूंनी दाबून पाहिला, फारसं काही नाही. मग मांडी उभी धरून, गुडघा काटकोनात ठेवून पाऊल हळूच बाहेरच्या बाजूला नेलं. त्याने खुब्यातलं हाड आतल्या बाजूला फिरतं. आई कळवळली. डाव्या पायाला तेच केलं तर तिला कळलंही नाही.

दादाला सांगितलं की हे खुब्याचं दुखणं आहे, खुब्याचा एक्स-रे काढ. तो म्हणाला, 'तू घोड्यांची डॉक्टर आहेस. तिकडे एवढे मोठे सर्जन आहेत, फोटोत स्वच्छ दिसतंय.' हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलेय, लग्नाच्या बोलण्यांतही ऐकलंय. खुब्याच्या आणि गुडघ्याच्या संवेदना नेणाऱ्या काही नसा एकच आहेत, त्यामुळे खुबा खराब झाला तरी माणूस गुडघा धरून बसतं. हे डॉक्टरांच्या पहिल्या पुस्तकांत असतं. पण फोटोत गुडघा खराब दिसला की पुढे शोधायचं कुणाला सुचत नाही.

दुसऱ्या एका हाडांच्या डॉक्टरांनी ऐकून घेतलं. खुब्याच्या एक्स-रेत उजव्या बाजूला हाडाला हाड लागलेलं होतं. पण गुडघेही झिजलेले होतेच, मग दुखणं कोणाचं? त्यांनी आम्ही घोड्याला करतो तेच केलं. सोनोग्राफीत बघत खुब्याच्या सांध्यात बधिर करायचं औषध सोडलं. थोड्या वेळाने आई दवाखान्याच्या पायऱ्या उतरली, परत चढली आणि म्हणाली, 'गुडघा दुखतच नाही.' गुडघ्याला तर सुईसुद्धा लागली नव्हती. पुढे खुबा बदलला. गुडघे तिचे स्वतःचेच आहेत, आणि ती चालते, बाजारात जाते, भाजीची पिशवी मला धरू देत नाही. दादा आजही म्हणतो की गुडघे कधी ना कधी करावे लागतीलच. लागतीलही. पण त्या वेळी झाले असते तर दोन निरोगी म्हणावे असे सांधे कापून दुखणं जिथल्या तिथे राहिलं असतं, हे त्याने एकदा तरी म्हणावं अशी माझी फार इच्छा आहे.

एक्स-रे फसवतो कारण कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर, त्यात दिसतच नाही, दिसते ती दोन हाडांमधली मोकळी जागा. शिवाय कूर्चेला नसा नसतात, रक्तवाहिन्याही नसतात. ती झिजताना दुखत नाही. दुखतं ते सांध्याचं आतलं अस्तर सुजल्यामुळे, कूर्चेखालच्या हाडामुळे, भोवतीच्या पिशवीवर ताण आल्यामुळे. म्हणून भयंकर फोटोवाली माणसं डोंगर चढतात आणि साध्या फोटोवाली रडतात. घोड्यांचंही तसंच. आजार एकच का, याचं उत्तर एवढंच की झीज दोघांत बरीचशी सारखी, सांधे मात्र सारखे नाहीत. घोडीच्या पुढच्या पायाचा जो 'गुडघा' म्हणताय ते आपलं मनगट. आपल्या गुडघ्याशी जुळणारा सांधा तिच्या मागच्या पायात, वर पोटाजवळ असतो.

उपचारांचंही स्पष्ट सांगते. 'वंगणा'चं इंजेक्शन म्हणून जे विकलं जातं ते हायल्युरॉनिक अ‍ॅसिड शर्यतीच्या घोड्यांच्या सांध्यांत १९७० च्या सुमारासच वापरलं गेलं आणि नंतर माणसांच्या गुडघ्यांत सर्रास आलं. घोड्यांत मी वापरते, काहींना काही काळ बरं वाटतं. झिजलेली कूर्चा त्याने उगवत नाही. स्टिरॉइडच्या इंजेक्शनाने सूज झटकन उतरते, पण ते नेमाने टोचून घेऊ नका : २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात दोन वर्षं दर तीन महिन्यांनी ते घेणाऱ्यांची कूर्चा नुसतं मिठाचं पाणी टोचलेल्यांपेक्षा जास्त झिजली आणि दुखणं दोघांचं सारखंच राहिलं. सांध्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांवर पैसे घालवू नका. आईचा गुडघा खरंच गुडघाच असेल तर मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम, वजन उतरवणं आणि दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात काठी, यांना पर्याय नाही. काठी धरायला बायका लाजतात, त्यांना धरायला लावा.

गुडघा बदलण्याच्या मी विरुद्ध नाही. दुखणं खरंच गुडघ्याचं असेल, व्यायाम करून झाला असेल, रात्रीची झोप उडाली असेल तर ऑपरेशन उत्तम आहे. सकाळी उठल्यावर तासभर सांधे आखडत असतील, हाताच्या बोटांचे सांधे सुजत असतील तर तो आमवात असू शकतो. त्याचा रस्ता वेगळा, संधिवाततज्ज्ञाकडे जा आणि वेळ घालवू नका. एकच सांधा अचानक लाल, गरम, टम्म झाला आणि ताप असेल तर त्याच दिवशी दवाखाना. शिंगराचा सांधा असा सुजला तर त्याची नाळ बघा, जंतू बऱ्याचदा तिथूनच शिरतात.

आता पावडर. आईला अजिबात देऊ नका. फेनिलब्युटाझोन १९४९ साली माणसांच्याच संधिवातासाठी आलं होतं, पण त्याने काहींच्या अस्थिमज्जेत रक्त तयार होणंच बंद पडलं आणि माणसं दगावली. अमेरिकेत आज ते माणसांसाठी मंजूर नाही. आईची गोळी घोडीलाही नको. डायक्लोफेनॅक हे माणसांचं नेहमीचं वेदनाशामक जनावरांसाठी आपल्याकडे २००६ पासून बंद आहे, ते दिलेली मेलेली गुरं खाऊन गिधाडं संपत आली होती.

आणि घोडी बरी झालेली नाही, तिचं दुखणं पावडरीने झाकलंय. तिला पळवू नका, वजन लादू नका. लंगडणं नीट तपासणाऱ्या डॉक्टरांना बोलवा आणि ते यायच्या आधी किती दिवस पावडर बंद ठेवायची हे त्यांनाच विचारा. औषध अंगात असलं तर ती सरळ पळेल आणि त्यांना बघायला काहीच उरणार नाही.