तीन कामं करा नाहीतर तेरा, रकाना तोच

मागच्या अंकात आपण कॉलेजातल्या प्राध्यापकांच्या वर्कलोडवर बोललो आणि त्यानंतर पत्रं, मेल, व्हॉट्सॲप सगळीकडून एकच विषय यायला लागला, की शिकवण्यापलीकडे आम्ही जे करतो त्याचं काय, ते कुणी मोजतं का, त्याचं काही मिळतं का. त्यातली चार पत्रं घेतलीयेत. नावं-गावं काढलीत, कारण लिहिणाऱ्यांना उद्या परत त्याच स्टाफ रूममध्ये बसायचंय.

प्रश्न : ताई, मी एका अनुदानित कॉलेजात सहायक प्राध्यापक आहे, नऊ वर्षं झाली. एनएसएसचा (राष्ट्रीय सेवा योजना) कार्यक्रम अधिकारी मी, नॅकच्या (कॉलेजांना दर्जा देणारी संस्था) दोन क्रायटेरियाच्या, म्हणजे निकषांच्या, फाइली माझ्याकडे, ॲडमिशनच्या वेळी हेल्पडेस्क मी, युवक महोत्सवाला टीम घेऊन जाणारा पण मीच. माझे एक सहकारी लेक्चर संपलं की गाडीला किक मारतात. कॅसच्या, म्हणजे बढतीच्या मूल्यमापनाच्या वेळी दोघांनाही शेरा एकच, 'चांगले'. प्राचार्यांना विचारलं तर म्हणाले, "सर, तुमच्याशिवाय कोण करणार?" मग मी हे का करायचं? (सातारा जिल्हा)

उत्तर : सर, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मी स्वतः चार वर्षं एनएसएस सांभाळलंय त्यामुळे "तुमच्याशिवाय कोण करणार" हे वाक्य मला चांगलंच ओळखीचं आहे, आणि खरं सांगते, पहिली दोन वर्षं मला ते कौतुकच वाटायचं.

आधी शेरा एकच का आला ते बघू, कारण त्यात तुमच्या प्राचार्यांचाही फार दोष नाहीये. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०१८ च्या नियमांमध्ये वर्षाचं मूल्यमापन दोन गोष्टींवर होतं. एक शिकवणं, म्हणजे नेमून दिलेल्या तासांपैकी ८० टक्के किंवा जास्त घेतले तर 'चांगले', ७० ते ८० च्या मधे असाल तर 'समाधानकारक'. दुसरी बाकीची कामं, त्याचे सात प्रकार दिलेत, विभागप्रमुख-समन्वयक वगैरे जबाबदाऱ्या, परीक्षेची कामं, एनएसएस-एनसीसी-खेळ-सांस्कृतिक, सेमिनार भरवणं, पीएचडीचे विद्यार्थी, संशोधन प्रकल्प, शोधनिबंध. यातली तीन केली की 'चांगले', एक-दोन केली तर 'समाधानकारक'. आणि एकूण शेरा 'चांगले' यायला शिकवण्यात चांगले आणि बाकीच्यात निदान समाधानकारक, एवढं पुरतं. म्हणजे तुमचे किक मारणारे सहकारी परीक्षेचं एक काम करून जिथे पोचले तिथेच तुम्ही पाच कामं करून पोचलात. तीन करा नाहीतर तेरा, रकाना तोच.

२०१० मध्ये एपीआयचे, म्हणजे प्रत्येक कामाला मोजून द्यायचे गुण आणले होते तेव्हा उलटं झालं होतं, जो तो सर्टिफिकेटं गोळा करत फिरायचा, दोन दिवसांच्या सेमिनारला सही करून लोक दुपारच्या एसटीने परत जायचे. ते ओझं कमी झालं ते बरंच झालं असं माझं मत आहे. पण त्याच्या जागी जे आलं त्यात जादा काम करणाऱ्या माणसासाठी जागाच ठेवली नाही, आणि ती जागा आता कॉलेजनेच करायची आहे.

आता तुम्ही काय मागू शकता ते सांगते. त्याच नियमांत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास आणि सहयोगी प्राध्यापक, प्राध्यापक यांना १४ तास प्रत्यक्ष शिकवणं सांगितलंय, आणि जो प्रशासनाचं किंवा विस्तारकार्याचं काम करतो त्याला यातले आठवड्याचे दोन तास त्या कामाला देता येतात. कागदावर लिहिलेली गोष्ट आहे ही, पण टाइमटेबल लावताना कुणी आठवण काढत नाही कारण कुणी मागतच नाही. तुम्ही मागा. लेखी मागा, अर्जाला आवक क्रमांक घ्या. दोन तास म्हणजे काही फार नाही हे मलाही कळतं, पण ते टाइमटेबलवर छापून आले की सगळ्या स्टाफला दिसतं की एनएसएस हे काम आहे, सरांची हौस नाही.

दुसरं, सुट्टीतलं काम. आपण व्हेकेशनवाले म्हणून आपल्याला अर्जित रजा कमी, पण सुट्टीत ड्युटी करायला लावली तर त्या दिवसांच्या एक तृतीयांश अर्जित रजा जमा होते. उन्हाळ्यात २१ दिवस ॲडमिशनच्या हेल्पडेस्कवर बसलात तर ७ दिवस झाले. आता मला सांगा, नऊ वर्षांत तुमच्या सेवापुस्तकात असे किती दिवस चढले? माझ्या चार वर्षांतले शून्य. कारण मला कुणी आदेशच दिला नव्हता, प्राचार्य पॅसेजमध्ये भेटले, "मॅडम, मे महिन्यात जरा येत जा," आणि मी गेले. रिटायर व्हायच्या वेळी ऑफिसमधल्या मोठ्या बाबूंनी रजेचा हिशोब समोर ठेवला तेव्हा मी विचारलं, तर ते अगदी साधेपणाने म्हणाले, मॅडम, जावक क्रमांक सांगा ना, लगेच धरतो. जावक क्रमांक नव्हता. तेव्हा इथून पुढे तोंडी काहीही नको, तारीख, काम, किती दिवस आणि जावक क्रमांक असलेला आदेश घ्यायचा आणि काम संपल्यावर हजेरीची प्रत जोडून रजा जमा करण्याचा अर्ज त्याच आठवड्यात द्यायचा. तुमच्या विद्यापीठाचे परिनियम पण एकदा वाचून घ्या.

आणि हे का करायचं, हा तुमचा शेवटचा प्रश्न. त्याचं उत्तर मी देऊ शकत नाही सर, पण एक सांगते. आमच्या एका शिबिरात, सात दिवसांचं निवासी, ५० मुलं झेडपीच्या शाळेत उतरलेली, चौथ्या रात्री एका मुलीला सणकून ताप भरला. गावात गाडी एकच, ती पण दुधाची. कॅनच्या मधे तिला मांडीवर घेऊन मी प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले, रात्रभर तिथल्या बाकावर बसले, सकाळी तिचे वडील आले आणि काही न बोलता माझ्या हातात पिशवी ठेवली, भाकरी आणि ठेचा. ते मला पुरलं, खरंच पुरलं. पण ते मला पुरलं म्हणून कॉलेजची जबाबदारी संपली असं नाही होत, आणि हाच घोळ आपल्याकडे वर्षानुवर्षं चाललाय, मुलं प्रेम देतात त्यात सगळं फिटलं असं धरून चालतात.

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी एका ग्रामीण कॉलेजचा प्राचार्य. जादा काम करणाऱ्या शिक्षकांना काहीतरी द्यावं असं मनापासून वाटतं, पण पगार सरकारचा, संस्थेकडे पैसा नाही. यंदा 'आदर्श प्राध्यापक' पुरस्कार सुरू करावा असा विचार आहे. कसा करावा? (मराठवाडा)

उत्तर : सर, तुम्ही विचारलंत याचंच फार बरं वाटलं. पुरस्कार करा, पण आधी बाकीचं करा. पैसे लागत नाहीत अशा खूप गोष्टी आहेत. वर सांगितलेले दोन तास द्या. शिबिराहून रात्री परतलेल्या शिक्षकाला दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातचं लेक्चर लावू नका. खिशातून केलेला खर्च आठ दिवसांत परत करा, हे मी सगळ्यात वर ठेवीन, कारण मुलांच्या चहा-नाश्त्याची, टेम्पोची बिलं सहा-सहा महिने ऑफिसात पडून राहतात आणि शिक्षक लाजेने मागत नाही. कमिट्यांची यादी भिंतीवर लावा, कुणाच्या नावावर किती ते सगळ्यांना दिसू दे, म्हणजे पुढच्या जूनला वाटप करताना ज्याच्याकडे पाच आहेत त्याच्या दोन काढून ज्याच्याकडे एकही नाही त्याला देता येतील. काम करणाऱ्याच्या डोक्यावरचं काम कमी करणं हे पण बक्षीसच आहे सर.

पुरस्काराचं म्हणाल तर सीनियॉरिटीने आळीपाळीने देऊ नका, यंदा यांचा नंबर पुढच्या वर्षी त्यांचा असं झालं की दोन वर्षांत सगळ्यांना कळतं आणि मग टाळ्या पण मनापासून वाजत नाहीत. शाल-श्रीफळ द्या हवं तर, पण माझ्या कपाटात अकरा शाली आहेत आणि त्यातली कुठली कशासाठी मिळाली ते मला आठवत नाही. त्यापेक्षा मानपत्रावर काम लिहा. 'शैक्षणिक क्षेत्रातील अमूल्य योगदानाबद्दल' असलं नको. अमुक पाड्यावर सलग तीन वर्षं शिबिर घेऊन दोन बंधारे बांधून घेतले, नापास झालेल्या चौदा मुलांचे संध्याकाळी वर्ग घेतले, असं नेमकं, आणि त्याची प्रत वैयक्तिक फाइलला लावा. एनएसएसचे राष्ट्रीय पुरस्कार १९९३-९४ पासून आहेत, त्यात कार्यक्रम अधिकाऱ्याबरोबर युनिटचाही सन्मान होतो, ते मला फार आवडतं, तुम्ही पण ज्या शिपायाने, लॅब असिस्टंटने साथ दिली त्यांची नावं त्याच कागदावर घ्या. आणि २०२३ पासून राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारात उच्च शिक्षणातले शिक्षक पण आलेत, तेव्हा तुमच्याकडचं चांगलं नाव पुढे पाठवायला लाजू नका, ग्रामीण कॉलेजांतून नावं पाठवायलाच कुणी उठत नाही.

प्रश्न : मी सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर आहे, पाचवं वर्ष. तासिकांचे पैसे मिळतात, ते पण उशिरा. पण नॅकच्या फाइली, गॅदरिंग, रांगोळी-स्वागत सगळं आमच्यावर. "पुढच्या वर्षी तुमचं बघू" म्हणतात. नाही कसं म्हणू? (विदर्भ)

उत्तर : बाळा, तुझं पत्र वाचून जीव कासावीस झाला. नाही म्हण असं मी इथे बसून सांगणं सोपं आहे, जूनमध्ये मुलाखत तुला द्यायचीय. पण एक नियम तुला माहीत असायला हवा, २०१८ च्या नियमांप्रमाणे तात्पुरत्या, कंत्राटी नोकरीची वर्षं पुढे प्रमोशनला धरायची तर इतर अटींबरोबर त्या काळातलं महिन्याचं एकूण वेतन नियमित शिक्षकाइतकं असावं लागतं. तासिकेच्या मानधनात ते बसत नाही. म्हणजे ही पाच वर्षं आपोआप कुठे जमा होतायत या भ्रमात राहू नकोस.

मग काय मागायचं? जे काम केलं त्याचं नाव घालून प्राचार्यांच्या सहीचं अनुभवपत्र, दरवर्षी, मे महिन्याच्या आत. आणि फाइलींचं काम असेल तर संस्थेच्या स्वतःच्या निधीतून वेगळं मानधन, दिवसाचा दर आधी ठरवून. तुम्ही सीएचबीवाले चार-पाच जण मिळून एकत्र अर्ज द्या, एकटी जाऊ नकोस. आणि कॅसवर बसलेल्या, सेवापुस्तक असलेल्या सगळ्या सहकाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, आपल्या नावावरची फाइल या मुलांच्या टेबलावर सरकवू नका.

प्रश्न : माझी बायको कॉलेजच्या आयक्यूएसीची (अंतर्गत गुणवत्ता कक्ष) समन्वयक आहे. एक्यूएआर, म्हणजे नॅकला द्यायचा वार्षिक अहवाल, अपलोड करायच्या दिवसांत रात्री एक-एक वाजेपर्यंत लॅपटॉपसमोर. सणाला पण फोन चालू. कौतुक सगळे करतात, मदत कुणी नाही. मी काय करू? (पुणे)

उत्तर : दादा, तुम्ही स्वयंपाक हातात घेतलाय का ते पत्रात लिहिलं नाहीये, घेतला नसेल तर त्या दिवसांत तो घ्या. आणि तिला सांगा, सात क्रायटेरियाला सात माणसं आणि प्रत्येकाच्या नावाचा आदेश मागून घे, माहिती देण्याची तारीख अपलोडच्या शेवटच्या तारखेच्या महिनाभर आधीची ठेव, आणि ज्याची माहिती आली नाही त्याचं नाव प्राचार्यांना मेलने कळव, स्वतः शोधत बसू नकोस. पहिल्या वर्षी लोक रागावतील. रागावू देत. माझ्या माहितीतल्या एका समन्वयक मॅडमनी हे केलं, तिसऱ्या वर्षी त्या दिवाळीत चार दिवस माहेरी जाऊन आल्या आणि फोन एकदाच वाजला, तो पण लिंक चालत नाही म्हणून.