माझा रेटिक्युलेटेड अजगर पेटीचं दार उघडताच झडप घालतो. भूक भागत नसेल तर खाणं वाढवावं का?

नाही, वाढवू नका. उलट कमी करा.

तुम्ही ब्रिटनमध्ये राहता, आणि तुम्ही दिलेल्या माहितीप्रमाणे मादी दीड वर्षाची आहे, सात फूट लांब, वजन ३ किलो. दर पाच दिवसांनी साडेतीनशे ग्रॅमचे दोन रॅट खाते आणि तरीही दार सरकवलं की तोंड वासून येते. म्हणजे पाच दिवसांत ७०० ग्रॅम, तिच्या वजनाच्या जवळपास पाव हिस्सा. या वयाला एका वेळी वजनाच्या १० टक्के पुरतात. तुमच्या मादीला ३०० ग्रॅमच्या आसपासचा एकच रॅट, दर १२ ते १४ दिवसांनी द्या. पुढे वजन वाढलं की भक्ष्य मोठं होईल, पण टक्केवारी खाली यायला हवी. पूर्ण वाढलेल्या मादीला वजनाच्या ५ टक्क्यांच्या आत बसणारा ससा तीन-चार आठवड्यांतून एकदा भरपूर होतो.

ही जात दबा धरून शिकार करते. जंगलात पुढचं सावज कधी मिळेल याचा नेम नसतो, म्हणून समोर आलेलं सोडायचं नाही हे तिच्या अंगातच आहे. ती झडप घालते यावरून ती उपाशी आहे असं ठरवू नका. तिची उपासमार होते आहे की अति होतंय हे अंगावरून ओळखायचं. अंग गोलसर त्रिकोणी, पाठीचा कणा हाताला हलका जाणवणारा, म्हणजे उत्तम. वळताना बाजूला घड्या पडत असतील, खवल्यांमधली कातडी कायम ताणलेली दिसत असेल, शेपटीचं मूळ फुगीर झालं असेल, तर चरबी साठते आहे. पटापट वाढवण्यासाठी कोंबून खाऊ घातलेल्या अजगरांचं यकृत चरबीनं खराब होतं आणि ते बाहेरून धष्टपुष्टच दिसत राहतात. म्हणून महिन्यातून एकदा वजन करून लिहून ठेवा.

आता झडपेबद्दल. ती राग म्हणून चावत नाहीये. घाबरलेला अजगर मान मागे घेऊन वळी करतो, फुत्कारतो आणि चावला तर लगेच सोडतो. खाण्याच्या तयारीतला अजगर फुत्कारत नाही. जीभ भराभर चालते, डोकं हालचालीच्या रोखानं वळतं, अंग गुपचूप पुढे सरकतं आणि एकदा धरलं की विळखा पडतो. तुमचं वर्णन दुसऱ्या प्रकारचं आहे. तिच्या ओठांवरच्या खवल्यांत उष्णता टिपणारे खळगे असतात. दार उघडलं, गरम हात आत आला, आणि आजवर दार उघडल्यावर बहुतेक वेळा रॅटच आला आहे. तिनं हिशोब बरोबर लावला आहे. तो हिशोब मोडायचा.

त्यासाठी आकडा, म्हणजे टोकाला वाकवलेली साप हाताळायची काठी, वापरा. ती नसेल तर स्वयंपाकघरातल्या कागदी टॉवेलच्या गुंडाळीची पुठ्ठ्याची नळीही चालते. खाऊ घालायचं नसेल तेव्हा प्रत्येक वेळी, अपवाद न करता, दार उघडल्याबरोबर आकड्यानं तिच्या अंगाच्या मध्यावर हलकेच घासा, मग मानेच्या बाजूला. ठोसू नका. वर उचललेलं डोकं खाली येतं, जिभेचा वेग मंदावतो, अंग सैल पडतं. तोवर हात आत घालू नका. खाण्याच्या दिवशी आकडा अजिबात बाहेर काढायचा नाही. एकदा खाऊ घातलं तर निदान चार-पाच वेळा बिनखाण्याचं दार उघडा: पाणी बदला, विष्ठा काढा, नुसतं बंद करा. काही आठवड्यांत फरक दिसतो. आधी हात साबणानं धुवा. कुत्र्याचा, सशाचा किंवा रॅटचा वास हाताला असेल तर आकडाही उपयोगी पडणार नाही.

खाण्यासाठी वेगळ्या डब्यात हलवण्याचा सल्ला मी या जातीला कधीच देणार नाही. खाऊन उत्तेजित झालेला मोठा अजगर उचलून परत ठेवावा लागतो, आणि चावे नेमके तिथे बसतात.

रॅट गोठवलेलाच द्या. जिवंत रॅट अजगराला कुरतडून गंभीर जखमा करतो, शिवाय ब्रिटनमध्ये प्राण्यांना अनावश्यक यातना देण्याविरुद्धचा कायदा त्या रॅटलाही लागू होतो. आदल्या दिवशी फ्रिजमध्ये काढून ठेवा (मोठ्या सशाला दोन दिवस लागतात), मग पिशवीत बंद करून ४० अंशांच्या आसपासच्या पाण्यात गरम करा. पोट दाबून पाहा, आत गार लागलं तर अजून थांबा. मायक्रोवेव्ह नको: बाहेर शिजतो, आत बर्फ राहतो आणि पोट फुटतं. अंग कोरडं असू द्या, ओल्या केसांना भुसा चिकटून पोटात जातो. निदान ७५ सेंटीमीटरच्या चिमट्यानं कमरेजवळ धरून डोकं तिच्याकडे करा. तिनं धरलं की चिमटा सोडा आणि दार लावा.

पोटाचा फुगवटा उतरेपर्यंत, साधारण चार-पाच दिवस, हात लावू नका. बर्मी अजगरावरच्या अभ्यासात खाल्ल्यानंतर ४८ तासांत हृदयाचा आकार सुमारे ४० टक्के वाढलेला आढळला आहे; पचन हे या प्राण्यांना इतकं मोठं काम असतं. त्या काळात हाताळलं, पेटी थंड राहिली किंवा घास फार मोठा झाला, तर ती ओकते. ओकली तर दोन आठवडे फक्त पाणी, मग निम्म्या आकाराचा घास. पुन्हा ओकली तर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पशुवैद्याकडे. उबेच्या टोकाला ३१ ते ३३ अंश, थंड टोकाला २६-२७, आणि हीटर थर्मोस्टॅटवरच. डोळे दुधाळ झाले म्हणजे कात येते आहे. तेव्हा खाणं देऊच नका, आर्द्रता थोडी वाढवा.

हे वाचून भारतात कुणाला हौस वाटेल म्हणून सांगतो: ही जात निकोबारात रानात आढळते, आणि वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ नुसार आपल्याकडे हा अजगर पाळणं गुन्हा आहे.

तुमची मादी लवकरच आठ फूट ओलांडेल. तिथून पुढे एकट्यानं पेटी उघडायची नाही, खाऊ घालताना तर नाहीच. इंडोनेशियातल्या सुलावेसीच्या भागात २०१७ आणि २०१८ साली या जातीनं मोठी माणसं गिळली आहेत. चावून विळखा घातलाच तर हिसका देऊ नका, दात मागे वळलेले असतात आणि मांस फाटतं. दुसऱ्या माणसानं शेपटीकडून वेढे उलगडत यायचं, तोंडावर थंड पाण्याची धार सोडायची. तरी सोडलं नाही तर जबड्याच्या कडेला सॅनिटायझरचे थोडे थेंब. जखम साबणानं धुवून त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा.